गोठलेला रस्ता आणि घसरलेली मोटार



मृगाची पहिली सर पडून गेली, कीं डांबरी रस्त्यावर सांचलेलें तेल आणि धूळ यांचा एक निसरडा थर तयार होतो, आणि त्या दिवशीं कोठल्या ना कोठल्या घाटांत मोटार आडवी झाल्याचें ऐकूं येतें. भोंवतीं जमलेल्या मंडळींच्या तोंडीं एक ठराविक वाक्य असतें: “गाडीच घसरली, त्याला तो बिचारा काय करणार?” वाक्य दयाळूपणाचें आहे, पण तें दिसतें तितकें निरुपद्रवी नाहीं. घसरलेल्या गाडीखालीं जो सांपडला, त्याच्या बायकामुलांनीं भरपाई कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न त्या एका वाक्यानें निकालांत निघतो. ज्या देशांत रस्ते निसरडे करण्याचें काम मुख्यतः हिंवाळा करतो, त्या इंग्लंडांतील न्यायाधीशांना याच वाक्याचा खरेखोटेपणा ठरविण्यांत सुमारें दीडशें वर्षें घालवावीं लागलीं. त्या दीडशें वर्षांची हकीकत आज सांगावयाची आहे. आपल्या देशांतील मोटार-अपघातांचा कायदा त्याच वृक्षाची एक फांदी असल्यामुळें ती आपणांस अगदींच परकी वाटूं नये.

प्रथम हा निसरडेपणा कसला असतो तें सांगितलें पाहिजे. बर्फ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पांढरीशुभ्र चादर उभी राहते. ती दिसते, म्हणून मनुष्य सावध होतो. खरा घातकी असतो तो न दिसणारा बर्फ. दिवसां पाऊस पडलेला असतो, किंवा शेजारच्या शेतांतून पाणी झिरपून रस्त्यावर आलेलें असतें. रात्रीं आकाश निरभ्र होऊन जमिनीची ऊब निघून जाते, आणि पहांटेपर्यंत त्या ओलाव्याचा कांचेसारखा पातळ पापुद्रा बनतो. त्यांतून खालचा काळा रस्ता जसाच्या तसा दिसतो, म्हणून तिकडील लोक त्यास काळा बर्फ म्हणतात. आपल्याकडे महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एकाद्या कडक थंडीच्या पहांटे दंव गोठल्याची वार्ता येते आणि हौशी लोक तें पाहावयास जातात. इंग्लंडांतील माणसाला कोठें जावें लागत नाहीं. सकाळीं कामावर निघतांना तें त्याच्या चाकाखालीं येतें. तेथील सरकारी रस्ता-नियमांची पुस्तिका सांगते कीं, ताशीं ३० मैलांच्या वेगानें जाणारी मोटार एरवीं ७५ फुटांत थांबते. परंतु बर्फावर थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दहापटपर्यंत अंतर लागूं शकतें. म्हणजे साडेसातशें फूट! तेवढ्या अंतरांत एक शाळा, एक देऊळ आणि दोनचार दुकानें सहज मावतात.

मोटार जन्मास येण्यापूर्वींच थंडीचा आणि या कायद्याचा एक संबंध जुळून आला होता, तो ध्यानांत घेतल्यावांचून पुढची हकीकत कळावयाची नाहीं. १८५५ च्या हिंवाळ्यांत बर्मिंगहॅम शहरीं असा कडाका पडला, कीं जमीन नेहमीपेक्षां फारच खोलवर गोठली. रस्त्याखालून पाणीपुरवठा करणाऱ्या कंपनीचे नळ गेलेले होते आणि आग विझविण्याच्या सोयीसाठीं त्यांना जागोजाग बुचें बसविलेलीं होतीं. पाणी गोठतांना फुगतें, हें आम्ही शाळेंत भरलेल्या बाटलीचा दाखला देऊन शिकवीत असूं. बर्मिंगहॅमच्या त्या रस्त्यांत हाच प्रयोग निसर्गानें मोठ्या प्रमाणावर करून दाखविला. गोठणामुळें एक बूच बिघडलें आणि पाणी समोरच्या गृहस्थाच्या घरांत शिरलें. त्यानें कंपनीवर दावा लावला. ज्यूरीनें त्याच्या बाजूनें कौल दिला, पण वरच्या कोर्टानें तो १८५६ मध्यें फिरविला. बुचें पंचवीस वर्षांपूर्वीं योग्य रीतीनें बसविलेलीं होतीं, इतक्या काळांत त्यांनीं कधीं दगा दिला नव्हता, आणि असा अपूर्व गारठा पडेल हें कोणाहि समंजस माणसाच्या ध्यानीं येण्याजोगें नव्हतें, असें कोर्टाचें म्हणणें पडलें. याच निकालांत न्यायमूर्ती ऑल्डर्सन यांनीं हयगय या शब्दाची व्याख्या करून ठेविली. समंजस व विचारी मनुष्य जें करील तें न करणें, किंवा असा मनुष्य जें करणार नाहीं तें करणें, म्हणजे हयगय. आज इंग्लंडांत काय आणि भारतांत काय, कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही व्याख्या घोकतो; ती एका कडक हिंवाळ्याच्या पोटीं जन्मास आली, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

त्या गृहस्थाचें घर भिजलें तें भिजलेंच. परंतु त्या निकालानें एक मोठी गोष्ट झाली. थंडी ईश्वरानें पाठविली कीं काय, हा प्रश्न बाजूस पडून ती माणसाला आधीं कळण्याजोगी होती कीं नाहीं, हा प्रश्न पुढें आला. पुढील सर्व भांडण या एका मुद्द्याभोंवतीं आहे, एवढें श्रोत्यांनीं मनांत धरून ठेवावें.

दुसरी गोष्ट १८६३ सालची, लिव्हरपूलची. एक मनुष्य रस्त्यानें चालला असतां वखारीच्या खिडकींतून पिठाचें पीप त्याच्या अंगावर कोसळलें. तें कसें सुटलें, कोणाच्या हातून सुटलें, हें त्या बिचाऱ्यास काय ठाऊक? वखारवाल्याचा वकील म्हणूं लागला, हयगयीचा पुरावा आणा. न्यायमूर्ती पोलॉक यांनीं सांगितलें, कीं वखारींतून पिपें आपण होऊन रस्त्यावर उड्या मारीत नसतात. पीप पडलें हाच पुरावा, आतां खुलासा वखारवाल्यानें करावा. ‘वस्तुस्थितीच बोलते’ या अर्थाच्या लॅटिन वचनाला न्यायालयांत तेव्हांपासून मोठा मान मिळाला. मग रस्ता सोडून भलतीकडे गेलेली मोटारहि अशीच बोलते काय?

विसाव्या शतकाच्या आरंभींच्या न्यायाधीशांनीं नाहीं असें उत्तर दिलें. लंडनच्या रस्त्यांवर त्या वेळीं घोड्यांच्या बसगाड्या जाऊन मोटारीच्या बसगाड्या येत होत्या. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीची अशी एक बस ओल्या, चिकट रस्त्यावर घसरून दिव्याच्या खांबावर आदळली आणि आंतील एका उतारूस इजा झाली. त्या दाव्याचा निकाल १९०९ सालीं अपील कोर्टानें केला. वादीचें म्हणणें असें होतें, कीं जी गाडी ओल्या रस्त्यावर घसरते हें सर्वांस माहीत आहे, ती रस्त्यावर आणणें हाच मुळीं सार्वजनिक उपद्रव. तें कोर्टास पटलें नाहीं. बस घसरली एवढ्यावरून ड्रायव्हरची हयगय सिद्ध होत नाहीं, असें ठरलें. न्यायमूर्ती फ्लेचर मोल्टन यांचा विचार असा, कीं जेथें सर्व गोष्टी एकाच्याच ताब्यांत असतात तेथें अपघात बोलका असतो; रस्त्यावर दहा जणांची ये-जा असते, तेथें नुसता अपघात कांहीं सांगत नाहीं. तर्क चुकीचा होता असें कोण म्हणेल? पण परिणाम असा झाला, कीं लिव्हरपूलचें पीप बोललें आणि लंडनची बस मुकी राहिली. आणि मुक्या साक्षीदाराचा फायदा नेहमीं प्रतिवादीला मिळतो.

येथें थोडें विषयांतर करतों. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें यंत्रानें चालणाऱ्या गाडीपुढें एक मनुष्य पायीं चालता ठेवण्याची सक्ति होती. गाडीचा वेग गांवांत ताशीं २ मैल आणि बाहेर ४ मैल. आमच्या गांवची बैलगाडीहि एवढ्या वेगाला हंसली असती. १८९६ सालीं कायदा बदलला आणि पुढें चालणाऱ्या त्या मनुष्याची नोकरी संपली. त्यानंतर मोटारी वाढल्या, वेग वाढला, अपघात वाढले. आणि अखेर १९३० सालीं पार्लमेंटनें मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकावर विम्याची सक्ति केली. आपल्या मोटारीनें दुसऱ्यास इजा झाली तर त्याची भरपाई बुडूं नये, हा त्यांतील हेतु. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत तेंच तत्त्व आलें आणि विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून अंमलांत आली. या विम्यांतील ‘दुसऱ्यास’ हा शब्द विसरूं नका. तो पुढें फार महत्त्वाचा ठरणार आहे.

दुसरें महायुद्ध चालू असतां इंग्लंडच्या अपील कोर्टापुढें रॅग्लन बिल्डिंग कंपनी हिच्याविरुद्ध एक दावा आला. बर्फाळलेल्या रस्त्यावरून जाणारी कंपनीची लॉरी घसरली, तिचा मागचा भाग फिरून पदपथावर गेला आणि तेथील पादचारी प्राणास मुकला. त्याच्या विधवेनें दावा आणला. कंपनीच्या वतीनें तेंच आपलें घाटांतलें वाक्य पुढें आलें: रस्त्यावर बर्फ होता, लॉरी घसरली. हा निकाल १९४२ च्या निवाड्यांच्या ग्रंथांत छापलेला आहे. न्यायमूर्ती लॉर्ड ग्रीन यांनीं प्रथम जुनी परंपरा राखून सांगितलें, कीं घसरणें ही गोष्ट स्वतः तटस्थ आहे. ती हयगयीमुळेंहि घडेल आणि हयगय नसतांहि घडेल. परंतु, ते पुढें म्हणाले, पदपथ ही लॉरीची जागा नव्हे. ती तेथें गेली याचा खुलासा मालकानें केला पाहिजे, आणि ‘घसरली’ हा खुलासा नव्हे. कारण ती कां घसरली हा प्रश्न उरतोच. रस्ता मोटारीला अजिबात चालण्याजोगा नसेल, तर ड्रायव्हरचें कर्तव्य थांबणें हें आहे; आणि पायीं चालण्याच्या गतीनेंच जाणें सुरक्षित असेल, तर त्या गतीनें जाणें हें त्याचें कर्तव्य आहे. १८९६ सालीं निरोप दिलेला तो पुढें चालणारा मनुष्य लॉर्ड ग्रीन यांनीं बर्फाच्या दिवसापुरता पुन्हां कामावर बोलाविला, असेंच मला हा निकाल वाचतांना वाटलें.

या निकालाची खरी किंमत ‘थांबणें’ या शब्दांत आहे. तोंपर्यंत वाद चाले तो गाडी घसरल्यानंतर ड्रायव्हरनें काय केलें याचा. त्यानें ब्रेक दाबला कीं सोडला, चक्र इकडे फिरविलें कीं तिकडे. बर्फावर घसरूं लागलेल्या गाडीच्या बाबतींत हा वाद बहुतेक निरर्थक असतो. घसरगुंडीवर बसलेल्या मुलाला मध्येंच थांब म्हणण्यासारखें तें आहे. लॉर्ड ग्रीन यांनीं प्रश्न मागें नेला: अशा रस्त्यावर गाडी आणलीच कां, आणि आणली तर इतक्या वेगानें कां? म्हणजे हयगयीचा क्षण घसरण्याच्या आधीं गेला, प्रसंगीं घरून निघण्याच्या क्षणापर्यंत गेला. नभोवाणीच्या श्रोत्यांस एक गोष्ट येथें सांगण्यासारखी वाटते. त्या युद्धकाळांत ब्रिटनमध्यें नभोवाणीवरून हवामानाचे अंदाज देणें बंद होतें, कारण उद्यां थंडी पडणार कीं ऊन, हें शत्रूच्या विमानांस कळूं द्यावयाचें नव्हतें. युद्ध संपल्यावर अंदाज पुन्हां घरोघर ऐकूं येऊं लागले, आणि ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्याची सोय त्या मानानें कमी झाली.

१९६५ सालीं न्यायमूर्ती मॅकेना यांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. एक मोटार जोरानें घसरून रस्त्याच्या चुकीच्या बाजूस गेली आणि समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. घसरणें तटस्थ आहे हें मत आपणांस मान्य नाहीं, असें या न्यायमूर्तींनीं स्पष्ट सांगितलें. कारण न समजलेली जोराची घसरण हीच हयगयीचा पुरावा आहे. ती आपल्या दोषावांचून झाली हें मोटार हांकणारानें दाखवावें. ५६ वर्षांनंतर बसला वाचा फुटली ती अशी.

याच विचाराची लाट आपल्या मुलखापर्यंत येऊन पोंचली. डिसेंबर १९६० मधील एका रात्रीं नागपुराहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्त्याच्या उजव्या कडेच्या झाडावर आदळली आणि आंतील एक गृहस्थ मरण पावले. तेथें बर्फ कोठला? रस्ता चांगला होता, गर्दीहि नव्हती. हायकोर्टानें विधवेचा दावा फेटाळला. सुप्रीम कोर्टानें १९७७ सालीं तो मान्य केला, आणि मान्य करतांना आधार घेतला तो ‘वस्तुस्थितीच बोलते’ याच वचनाचा. मोकळ्या रस्त्यावर उलट्या बाजूच्या झाडावर मोटारी आपण होऊन जात नसतात. लिव्हरपूलच्या पिपाचा आवाज ११४ वर्षांनीं नागपूरच्या वाटेवर ऐकूं आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतांपर्यंत बोललों तें मोटार हांकणाराविषयीं. पदपथावरील मनुष्य, आंतील उतारू, समोरच्या गाडींतील मंडळी, यांना दाद मागण्यास कोणी तरी होता. १९३० नंतर त्याच्या मागें विमा कंपनीहि उभी होती. परंतु एकटीच मोटार काळ्या बर्फावर घसरली आणि हांकणाराच जायबंदी झाला, तर? सक्तीचा विमा हा ‘दुसऱ्यास’ झालेल्या इजेचा. स्वतःच्या पाठीचा कणा मोडला तर त्यांतून कांहीं मिळत नाहीं. त्याला एकच दार उरतें: ज्यांच्याकडे तो रस्ता सोंपविलेला आहे, त्यांचें. आणि त्या दाराचा इतिहास फारच निराळा आहे.

इंग्लंडांत रस्ता राखण्याचें ओझें पुरातन काळापासून त्या त्या गांवच्या रहिवाशांवर असे. १५५५ च्या कायद्यानें प्रत्येक गांवकऱ्यास वर्षांतून चार दिवस रस्त्यावर फुकट राबणें भाग पडलें. पुढें त्याचे सहा दिवस झाले. आपल्याकडील वेठीचेंच तें भावंड. रस्ता बिघडला तर गांवावर खटला होऊन दंड होई, पण खड्ड्यांत पडून ज्याचा पाय मोडला त्यास भरपाई मिळत नसे. १७८८ सालीं डेव्हन परगण्यांतील एका मोडक्या पुलावर गाडीचें नुकसान झालेल्या मनुष्यानें त्या परगण्याच्या रहिवाशांवर दावा केला. कोर्टानें तो काढून टाकला. परगणा म्हणजे कांहीं कंपनी नव्हे, त्याची तिजोरी नाहीं, तेव्हां पैसा वसूल कोणाकडून करणार? एका माणसानें नुकसान सोसणें हें सर्व जनतेची गैरसोय होण्यापेक्षां बरें, असाहि एक विचार त्या निकालांत मांडलेला आहे. तो वाचतांना मला प्रत्येक वेळीं त्या एका माणसाची आठवण होते. पुढें परगण्यांना तिजोऱ्या आल्या, कौंटी कौन्सिलें आलीं, इंजिनियर आले, तरी हा नियम जिवंतच राहिला. रस्ता खोदून ठेवून कोणास पाडलें तर कौन्सिल जबाबदार. मुळीं कांहीं केलेंच नाहीं तर जबाबदार नाहीं! १९६० सालचें सफोकचें एक प्रकरण आहे. रस्त्यावर पाणी येत असे, कौन्सिलनें तें काढून देण्याचें काम थोडें केलें, पुरतें केलें नाहीं. तें पाणी गोठून बर्फाचा थर झाला आणि त्यावर मोटार घसरली. कोर्टानें सांगितलें, अपुरें काम म्हणजे काम न करणेंच, जबाबदारी नाहीं. धोक्याची पाटी लावण्याचीहि जबाबदारी नाहीं.

ही स्थिति पार्लमेंटलाच लाजिरवाणी वाटली असावी. १९६१ च्या कायद्यानें रस्ता राखणाऱ्या संस्थांचें हें कवच काढून घेतलें आणि तो बदल १९६४ पासून अंमलांत आला. आपण योग्य ती काळजी घेतली होती, हें सिद्ध करून मात्र संस्थेला सुटतां येईल, अशी सवलत ठेविली. आतां बर्फाचाहि प्रश्न सुटला, असें कोणासहि वाटलें असतें. पण कायद्यांत शब्द होता ‘मेंटेन’. मी जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगत आलों, म्हणून या शब्दापाशीं थोडा थांबतों. ‘मेंटेन’ म्हणजे राखणें. बाग राखणें म्हणजे नुसतें कुंपण दुरुस्त करणें नव्हे. वाळलेलीं पानें झाडणें, वाटेवरचें शेवाळ काढणें, हेंहि त्यांत आलें. उलटपक्षीं, भिंत राखणें म्हणजे ती ढांसळूं न देणें. तिच्यावर पावसाचें पाणी पडलें तर तें पुसणें नव्हे. मग रस्ता हा बागेसारखा कीं भिंतीसारखा? खडी शाबूत आहे, डांबर शाबूत आहे, वर फक्त बर्फ आहे. तो रस्ता राखलेला म्हणावयाचा कीं नाहीं?

१९७० नंतरच्या दशकांत केंट परगण्यांत एक बाई गोठलेल्या पायवाटेवरून घसरून पडली, तेव्हां हा प्रश्न अपील कोर्टापुढें आला. तिघांपैकीं दोघां न्यायमूर्तींना राखण्यांत बर्फ हटविणेंहि येऊं शकेल असें वाटलें, मात्र त्या प्रकरणापुरता त्यांना कौन्सिलचा दोष दिसला नाहीं. तिसरे होते प्रसिद्ध लॉर्ड डेनिंग. एरवीं गरिबाच्या बाजूनें कायदा वांकविण्याबद्दल त्यांची ख्याति. पण येथें त्यांनीं कठोर अर्थ घेतला. राखणें म्हणजे दुरुस्त ठेवणें, बर्फानें रस्ता नादुरुस्त होत नाहीं, असें त्यांचें मत. ते एकटे पडले आणि वीस-बावीस वर्षें दोघांचें मत चाललें.

आतां नोव्हेंबर १९९१ मधील एक सकाळ. सात वाजून गेले होते. ईस्ट ससेक्समधील एका हमरस्त्यावरून एक मनुष्य मोटारीनें कामावर चालला होता. डाव्या वळणावर पुढच्या गाडीस ओलांडून जात असतां त्याची मोटार काळ्या बर्फाच्या एका तुकड्यावर घसरली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. जीव वांचला, पण जवळजवळ सर्व शरीर कायमचें लुळें झालें. त्या रात्रीं हिम धरणार, हा अंदाज कौंटी कौन्सिलला मिळालेला होता. मीठ टाकणाऱ्या लॉऱ्या पहांटे बाहेर पडल्याहि होत्या, आणि त्यांतील एक थोड्याच वेळानें त्या पुलापाशीं पोंचणार होती.

मिठाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. मीठ मिसळलें कीं पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो, हें आइसक्रीमचें पात्र फिरविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. इंग्लंडांत चेशायर परगण्यांत विन्सफर्ड येथें १८४४ सालीं सुरू झालेली सैंधवाची मोठी खाण आहे. रस्त्यावर टाकण्याचें तपकिरी मीठ तेथून निघतें. परंतु बर्फ धरल्यावर मीठ टाकण्यापेक्षां धरण्यापूर्वीं टाकणें फार परिणामकारक असतें. म्हणजे येथेंहि सारें काम आदल्या संध्याकाळच्या माहितीवर अवलंबून. बर्मिंगहॅमच्या पाणीवाल्यांना जी माहिती असणें शक्य नव्हतें, ती ईस्ट ससेक्सच्या कौन्सिलच्या टेबलावर होती.

त्या मनुष्याचा दावा खालच्या कोर्टांत फेटाळला गेला, अपील कोर्टांत तो जिंकला, आणि प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें गेलें. जून २००० मध्यें निकाल लागला. मुख्य निवाडा लॉर्ड हॉफमन यांचा आहे. त्यांनीं गांवकऱ्यांच्या जुन्या ओझ्यापासून सारा इतिहास चाळला आणि ठरविलें, कीं कायद्यांतला ‘मेंटेन’ हा शब्द जुन्या ‘दुरुस्त ठेवणें’ याच अर्थाचा आहे. त्यांत बर्फ येत नाहीं. आणणें असल्यास तें पार्लमेंटनें आणावें. लॉर्ड डेनिंग यांचें एकाकी मत अशा रीतीनें सर्वोच्च न्यायासनावर बसलें. स्वतः डेनिंग मार्च १९९९ मध्यें, शंभर वर्षांचे होऊन, निवर्तले होते.

माझें स्वतःचें मत विचाराल, तर लॉर्डांचें व्याकरण मला निर्दोष वाटतें आणि निकाल सोसवत नाहीं. काय तो विचित्र योग! लॉरी हांकणारा सामान्य मनुष्य. बर्फ न दिसला तरी तो ओळखावा, नाहीं तर थांबावें, असें कायदा १९४२ पासून त्याला बजावीत आला. आणि जी संस्था थंडीची आगाऊ वर्दी मिळवते, जिच्या कोठारांत मीठ आहे, जिच्या लॉऱ्या निघालेल्या आहेत, तिला मात्र तोच कायदा म्हणतो, तुझें यांत कांहीं कर्तव्य नाहीं. वळणावर दुसऱ्यास ओलांडणें हें धाडस होतें, हें मी नाकारीत नाहीं. पण तेवढ्या दोषाचा हिशेब करण्याची सोय १९४५ सालच्या कायद्यानें केलेली होती. वादीचा जितका दोष, तितकी भरपाई कमी. येथें हिशेबाची वेळच आली नाहीं.

पार्लमेंटला जाग येण्यास तीन वर्षें लागलीं. २००३ सालीं रेल्वे व वाहतूक सुरक्षेचा एक मोठा कायदा झाला. त्यांत आगगाड्या आहेत, मद्य प्यालेले खलाशी आणि वैमानिक आहेत, आणि त्या सर्वांच्या गर्दींत कलम १११ आहे: रस्त्यावरील सुरक्षित ये-जा हिमानें किंवा बर्फानें धोक्यांत येऊं नये, म्हणून वाजवी रीतीनें शक्य असेल तितकें करणें हें रस्ता राखणाऱ्या संस्थेचें कर्तव्य आहे. चार ओळींचें काम. पण १७८८ च्या डेव्हनपासून अडलेलें दार बर्फापुरतें त्यांनीं उघडलें. हें कलम इंग्लंड आणि वेल्स यांना लागू आहे आणि तें पुढच्या हिंवाळ्यांपुरतें आहे. १९९१ च्या त्या मनुष्याला कौन्सिलकडून कांहीं मिळालें नाहीं.

‘वाजवी रीतीनें शक्य असेल तितकें’ या शब्दांमुळें दारावर पहारा आहेच. सर्व रस्त्यांवर रोज मीठ टाकणें कोणासहि शक्य नाहीं. म्हणून तेथील कौन्सिलें हिंवाळ्याच्या आरंभीं आपला आराखडा लिहून काढतात: कोणते रस्ते प्रथम, कोणते मागाहून, अंदाज किती वाजतां पाहावयाचा, लॉरी किती वाजतां सोडावयाची. दावा झाला कीं त्या रात्रीच्या नोंदवह्या कोर्टापुढें येतात, आणि कोणाला काय केव्हां कळलें होतें, याची एक एक ओळ तपासली जाते. ज्याची वाट त्या यादींत नाहीं, अशा आडरस्त्यावरून पहांटे निघणाऱ्यानें लॉर्ड ग्रीन यांचे शब्द आठवून पायीं चालण्याच्या गतीनें जावें, किंवा सूर्य वर येईपर्यंत घरींच थांबावें, हें तिकडे अजूनहि तसेंच आहे.